माळ्यावरची पेटी

चिंगूस माणसं मी आयुष्यभर पाहिली. व्हिएतनामच्या होई आनमध्ये घरातली खोली भाड्याने देणारीला दुसरं काय बघायला मिळतं? पण सायगॉनहून आलेलं ते जोडपं, क्वान आणि उयेन, ते म्हणजे कळसच. दहावा महिना लागलेला, नदी फुगलेली, अख्ख्या गल्लीत एक पाहुणा नाही, आणि हे दोघं पाठीवर पिशव्या लादून माझ्या दारात उभे. आधीच निम्म्यावर आणलेला भाव आणखी निम्मा करा म्हणे.

"काकू, या दिवसांत येतंय कोण? खोली रिकामी राहण्यापेक्षा बरं नाही का?" उयेन म्हणाली. गोड हसत म्हणाली. मला गोड हसून भाव पाडणारी माणसं जास्त डोक्यात जातात.

"रिकामी राहिली तर मी त्यात कोंबड्या पाळीन," मी म्हटलं.

तेवढ्यात आमचे हे, थुआन, मागून म्हणाले, "असू दे गं, लेकरं आहेत." लेकरं! तिशीचे घोडे झालेले. पण मालक बोलून गेले, मग मी काय करणार? दिली खोली. पुढच्या माळ्यावरची, नदीच्या बाजूची.

त्या खोलीत एक अडचण होती. तिथे आमच्या सासऱ्यांची पेटी होती.

पेटी म्हणजे मरणाची पेटी. आमच्याकडे म्हातारी माणसं आपली पेटी आधीच करून ठेवतात, त्यात नवल नाही. बाबांची मात्र वेगळी होती. बाबा, म्हणजे बोन म्हातारे, नदीपलीकडच्या किम बाँग गावचे. जन्मभर त्यांनी होड्या बांधल्या. त्यांनी आपली पेटी आपल्या हाताने बांधली, होडीच्याच लाकडाची. सांध्यांमध्ये बांबूचे तंतू ठासले, वरून राळेचा काळा लेप दिला, आणि होडी ठेवतात तशी माळ्यावर दोन ओंडक्यांवर उपडी घालून ठेवली. गल्लीतले लोक हसले. म्हणाले, बोनकाका, जमिनीखाली कुठे वल्हवत जाणार?

हसणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. सासूबाई अशाच दहाव्या महिन्यात गेल्या. सगळीकडे पूर, पेटी दुकानातून आणलेली, स्वस्तातली. खड्ड्यात पाणी भरलेलं. पेटी खाली सोडली आणि फटींतून पाणी आत शिरायला लागलं. बुडुक, बुडुक. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बाबा खड्ड्याच्या काठावर उभे होते, त्यांनी तर शेवटचा बुडबुडा येईपर्यंत ऐकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या कोरड्या ठेवल्या आणि बायको पाण्यात निजवली, एवढंच ते कितीतरी दिवस बोलत होते.

मग ही पेटी बांधली. आणि तेव्हापासून दर पुराला एकच धोशा: "लाय, एकदा खाली सोडून बघू गं. पाणी आत घेते का बघू. होडी पाण्यात घातल्याशिवाय होडी नसते."

मी कधी ऐकलं नाही. रिकामी पेटी हलवायची, पाण्यात सोडायची, म्हणजे मरणाला हाताला धरून घरात आणायचं. "बाबा, तुम्हाला घाई झाली असेल, मला नाही," असं म्हणून मी तोंड बंद करायची त्यांचं. पेटीला लाल रंगही देऊ देत नव्हते. म्हणायचे, आधी खात्री, मग रंग. पाय गेले, छाती घरघरायला लागली, मागच्या माळ्यावर झोपून असायचे, तरी तेच. खाट आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीला पेटीचं झाकण टेकवलेलं, त्यावर हात ठेवून झोपायचे.

तर अशी ती पेटी पाहुण्यांच्या खोलीत. मी वर चादर टाकली होती. उयेनने पहिल्याच दिवशी चादर उचलून बघितली आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "होडी आहे. पुरासाठी. इथे घरोघर असते."

खाली आल्यावर मी विचारलं, "होडी? अहो, जीभ झडली नाही तुमची?"

"मग काय सांगू? मढ्याची पेटी आहे, शेजारी झोपा? पळाली असती."

"पळू दे की! असली गिऱ्हाइकं पळाली तर मी उदबत्ती लावीन."

पण खरं काय ते वर जाऊन मीही सांगितलं नाही. दिवस तसे होते, चूल चालायला हवी होती.

मग सुरू झाला छळ. बाहेर खाल्लं तर पैसे पडतात, म्हणून हे दोघं माळ्यावर पाकिटातल्या शेवया शिजवायचे आणि त्या पेटीवर वाट्या मांडून जेवायचे. माझ्या सासऱ्यांच्या मरणाच्या पेटीवर! एकदा मी पाणी द्यायला वर गेले तर चादरीवर तिखटाचा लाल डाग, आणि क्वान त्यावर पाय पसरून फोनमध्ये बघतोय.

"पाय खाली घे," मी म्हटलं.

"काकू, होडीच तर आहे."

"होडीला पाय लावतोस? नदीकाठी आलायस ना तू? घरी कुणी काही शिकवलं की नाही?"

"पैसे देऊन राहतोय आम्ही," तो म्हणाला. "शिकवणी लावलेली नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी चादर ओढून घेतली, धुतली, परत घातली. बाबांना कळू दिलं नाही. उयेन तर आणखी वरचढ. माझ्याच बादलीत कपडे धुवायचे, माझ्याच दोरीवर वाळत घालायचे, आणि वर विचारायचं, "काकू, साबण मिळेल का थोडा?" थोडा म्हणजे वडी. माझा रेशमी कंदील फुकट नदीवर नेऊन त्याच्याबरोबर फोटो काढून आणले, आणि आणून ठेवला तो फाटका. मी जाब विचारला तर म्हणे, "आधीच फाटका होता." रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघून त्यांचाही दिवस नासायचा आणि माझाही.

मग पाणी आलं. वर धरणांनी दारं उघडली की आमच्याकडे फार वेळ नसतो. घरोघर माळ्याच्या फळ्यांमध्ये झडप असते, वर कप्पी असते. खालचं सामान दोरीने वर घ्यायचं, झालं. आम्ही तांदळाचं पिंप, शिवणयंत्र, देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या तसबिरी, सगळं पुढच्या माळ्यावर ओढलं. त्या खोलीत झडप आहे म्हणून तर मी भाडं ठरवतानाच सांगितलं होतं, पाणी आलं तर सामान तुमच्या खोलीत येईल. तेव्हा मान डोलावली होती. आता क्वान दारात आडवा.

"आमची खासगी खोली आहे ही!"

"मग खासगी पाण्यात जा," मी म्हटलं, आणि पिंप त्याच्या अंगावर ढकललं. बाजूला झाला. हात मात्र लावला नाही कशाला. उयेनने शिवणयंत्राचं एक टोक धरलं, तेही नवऱ्याकडे डोळे वटारून.

आमचं घर लांबट. पुढे एक घर, मध्ये उघडा चौक, मागे दुसरं घर. आम्ही तिघं बाबांसकट मागच्या माळ्यावर, ते दोघं पुढच्या. सकाळी उठून बघते तर चौकाचं तळं झालेलं, पुढच्या खोलीत छातीएवढं पाणी, आणि पुढचं दार उघडं असल्यामुळे थेट गल्लीतली होड्यांची ये-जा दिसत होती.

त्या दोघांना त्याच दिवशी दुपारी दानांगहून विमान गाठायचं होतं. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, बदलून न मिळणारं. हे मला कसं कळलं? अख्ख्या गल्लीला कळलं, इतक्या मोठ्याने दोघं भांडत होते. गल्लीत आमचा साऊ नावाडी फिरत होता. क्वानने खिडकीतून त्याला हाक मारली आणि पुरात, पावसात, लोकांची म्हातारी-कोतारी हलवणाऱ्या त्या माणसाशी भाव करायला लागला.

"एवढे? लूट आहे ही!"

साऊ म्हणाला, "मग पोहत जा. पोहायला फुकट आहे." आणि वल्हं मारून निघून गेला.

"द्या की त्याला जे मागतोय ते!" मी चौकापलीकडून ओरडले.

"तुमची वाटणी असेल त्यात!" क्वान ओरडला.

मी जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. हे मागून माझी बाही ओढत राहिले, "लाय, जाऊ दे, लाय."

शेवटी मी खिडकी सोडली. मी बाबांना पेज भरवत होते. आणि कुरकुर, कुरकुर, असा आवाज आला. कप्पीचा. बाबांनी मान वळवली. ती कप्पी त्यांनीच बसवलेली, तिचा आवाज ते झोपेतही ओळखायचे.

"काय उतरवतायत?" त्यांनी विचारलं.

मी वाटी घेऊनच खिडकीशी गेले. पुढच्या माळ्याच्या झडपेतून बाबांची पेटी खाली येत होती. सुलटी करून, दोरीला बांधून, हळूहळू. वर क्वान दोर सोडतोय, उयेन शिडीवर उभी राहून पेटीला धक्का लागू नये म्हणून हात लावतेय. पेटी पाण्याला टेकली. डुलली. स्थिर झाली. मग वरून पिशव्या आल्या, आणि मग माझ्या पलंगाच्या दोन फळ्या, वल्ही म्हणून.

"ए! ए नालायकांनो! ठेव ते! ठेव आधी!"

"होडीच घेतोय, काकू!" क्वान ओरडला. "बाजाराच्या चढावर बांधून ठेवतो, न्या नंतर! भाड्यात धरा!"

"ती होडी..." आणि मी जीभ चावली. मागे बाबा होते. छाती घरघरणारे, ताप असलेले. त्यांच्या कानावर कसं घालायचं की तुमची पेटी दोन चोर घेऊन चालले? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते. होडी म्हणणारा माणूस आता भिंतीकडे बघतोय!

पण बाबा खाटेवर नव्हतेच. सरपटत, कोपरांवर, माझ्या पायांशी येऊन पोहोचले होते आणि चौकटीला धरून बघत होते. पेटीत क्वान बसला होता, उयेन एक पाय टाकत होती, आणि पेटी एका बाजूला कलली.

"मधोमध!" बाबा ओरडले. एवढा आवाज त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "मधोमध बस, पोरी! तळ सपाट आहे तिचा! काठाला रेलू नका!"

उयेन दचकली आणि मधोमध बसली. पेटी सरळ झाली. पुढच्या दारातून दोघं बाहेर पडले, गल्लीत वळले, आणि दिसेनासे झाले.

मी बाबांना उचलून खाटेवर घालायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. "इथेच राहू दे," म्हणाले. तसेच चौकटीला टेकून बसले. मी ह्यांच्यावर तुटून पडले. जन्मभराचं काढलं. होडी म्हणे! बापाची पेटी गेली, आता बापाला शिवणयंत्रात पुरणार का? बाबा दाराकडे बघत होते, ताप चढत होता तरी. मला वाटलं, आजच जातात हे. आणि पेटीवाचून जातात. त्या दोघांना मी मनात इतके शाप दिले की त्यातला एक जरी लागला असता तर ते सायगॉनला पोहोचले नसते.

पोहोचलेच नाहीत. दुपारच्या आधी गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. साऊची होडी पुढच्या दारातून आत आली, तिच्या मागे दोर, आणि दोराला बांधलेली पेटी, आणि पेटीत ते दोघं, एकमेकांना घट्ट धरून, पांढरेफटक. मोठ्या रस्त्यावर लोकांनी त्यांना बघितलं होतं. बायका तोंड झाकून बाजूला झाल्या, कुणीतरी विचारलं, घरात कोण गेलं? आणि साऊने पेटी ओळखली. बोनकाकांची पेटी चालली कुठे म्हणून दोर टाकला आणि सरळ ओढत आणली. विमान वगैरे त्याने ऐकूनच घेतलं नाही.

पेटी चौकात, आमच्या माळ्याच्या बरोबर खाली येऊन थांबली.

"मढ्याची पेटी!" क्वान ओरडला. "तुम्ही आम्हाला मढ्याच्या पेटीशेजारी झोपवलंत! आम्ही तिच्यावर जेवलो! सगळीकडे लिहीन मी, तुमचं घर बंद पाडीन!"

"आणि चोरी? चोरीचंही लिही! पलंग मोडलास त्याचंही लिही! पोलीस चौकी पाण्यात आहे म्हणून वाचलास, नाहीतर..."

"खोटारडी बाई!"

"चोर! भिकारचोट!"

उयेन रडत होती, पण रागाने, मुठी आवळून. "आमचं विमान गेलं," ती म्हणाली, "सगळं तुमच्यामुळे, अख्खं गाव हसलं आम्हाला, तुम्हाला लाज..."

"पोरी," बाबा म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी ओरडतेय, क्वान ओरडतोय, साऊ मध्येच हसतोय. बाबांनी झाकणावर हाताने थाप मारली. ठक्.

"पोरी, पाणी आलं का गं आत?"

उयेनने वर बघितलं. "काय?"

"तुझ्या पायाशी. पाणी आलं का?"

"आजोबा, तुम्हाला कळतंय का आमचं काय झालं ते?"

"कळतंय. हात लावून बघ ना. डोक्याकडची बाजू, डावा कोपरा. तो सांधा मला शेवटपर्यंत नीट जमला नव्हता."

"काही बघू नकोस," क्वान म्हणाला. "वेडा आहे म्हातारा."

उयेनने नवऱ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. तिच्या डोळ्यांत अजून रागच होता. पण ती वाकली, पिशवी सरकवली, आणि कोपऱ्यात बोटं घालून चाचपलं. मग दुसरा कोपरा. मग तळाच्या फळीवरून तळहात शेवटपर्यंत फिरवत नेला, आणि तो हात उताणा करून वर आमच्याकडे धरला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "सगळी. एक थेंबही नाही."

बाबा रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, तोंड उघडं टाकून. "ऐकलंस, लाय?" म्हणाले. "तुझ्या सासूच्या पेटीत पाणी शिरताना ऐकलं होतं मी. ऐकलंस ना आता? एक थेंब नाही म्हणते ती."

मला काय वाटलं सांगू? मला राग आला. त्या दोघांचा नाही, माझा. इतके पूर आले, हा माणूस हात जोडून एकच गोष्ट मागत होता, आणि मी मरणाची भीती घालून त्याला गप्प बसवलं. आणि ती गोष्ट त्याला दिली कुणी? पाकिटातल्या शेवया खाणाऱ्या दोन चिंगुसांनी, तीही चोरी करून. मी बाबांचं तोंड बाहीने पुसलं.

क्वानचं तोंड मात्र चालूच होतं. साऊच्या होडीत चढताना, बाहेर पडेपर्यंत तो शिव्या देत होता. साऊने त्याच्याकडून आधी मागितले होते त्याहून जास्त घेतले, आणि बरं झालं. उयेनने मागे वळून बघितलं नाही, निरोप घेतला नाही. पुढे त्यांनी आमच्याबद्दल जे लिहायचं ते लिहिलंच, फोटोसकट. वर्षभर त्या खोलीत कोणी फिरकलं नाही. मीही त्यांना विसरले नाही, शिव्या देताना आजही पहिली त्यांचीच नावं येतात.

बाबांचा ताप उतरला. पाणी ओसरल्यावर ह्यांनी पेटी धुतली, उन्हात वाळवली आणि लाल रंग दिला. बाबा खुर्चीत बसून, इथे पातळ झाला, तिथे ओघळ आला, असं सांगत राहिले.

पुढच्या वर्षी दहाव्याच महिन्यात ते गेले. कुठला महिना निवडला बघा! पावसाने झोडपलेलं, मसणवटीत गुडघ्याएवढा चिखल, आणि खड्डा काठोकाठ पाण्याने भरलेला. पंपाने उपसला तरी परत भरायचा. शेवटी तशीच पेटी सोडली. सासूबाईंच्या वेळचे सगळे तिथे होते, सगळ्यांना तो आवाज आठवत होता. मी श्वास धरून ऐकत होते.

आवाज आलाच नाही. उलट पेटी थोडी खाली गेली आणि वर आली. परत दाबली, परत वर. पाण्यावर डुलायला लागली, सरळ, मधोमध वजन धरून. साऊ आणि आणखी चौघं बांबूंनी तिला खाली रेटत होते आणि ती जाईना. ह्यांना हसू फुटलं. बापाच्या खड्ड्यावर उभं राहून हसत होते, डोळ्यांतून धारा. मग मीही. आणि त्या हसण्यातच मला त्या पोरीचा उताणा, कोरडा हात आठवला, आणि मी तिला मनातल्या मनात एक शिवी दिली. दुसरं काय देणार होते तिला?

साऊने सगळा भार बांबूवर टाकला. "बोनकाका," तो म्हणाला, "झाली तुमची खात्री. आता बसा खाली."

मग माती लोटली.